मेजवानीत आई पाहुणी असते का?

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत पालकसभा होती. मुलगा-सून दोघंही कामावर, म्हणून मी गेले. चौथीच्या मुलांना 'आमच्या घरची मेजवानी' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या, आणि बाईंनी त्यातली पंधरा-वीस पानं वाचून दाखवली. बर्गर, पिझ्झा, तळलेलं चिकन, पुन्हा पिझ्झा. पुरणपोळी एका पानावर आली, हुरडा एकाही नाही. बाईंचा आवाज खाली खाली येत गेला आणि वर्गात सुतकी शांतता पसरली. मग एक आजोबा उठले. "याला मेजवानी म्हणायचं? आमच्या शेतात हुरड्याला पन्नास माणूस बसायचं. ही पोरं पाव खाऊन मेजवानी झाली म्हणतात!" त्यांच्यामागून एक तरुण वडील म्हणाले, "काका, महिन्यातनं एकदा नेतो. पोरं खूश असतात. त्यात कुणाचं काय बिघडतं?" पुढचा अर्धा तास संस्कृती विरुद्ध आवडनिवड अशी खडाजंगी झाली. ती थांबली तेव्हा दोन्ही बाजू सुरुवातीला होत्या तिथंच उभ्या होत्या. वर्गातल्या बायकांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. ते तेव्हापासून खुपतंय, म्हणून लिहिते आहे.

माझं मत सरळ आहे. फास्ट फूड ही कुटुंबाची मेजवानी असू शकते, आणि आपल्या सोलापुरातल्या पुष्कळ घरांत ती आहेच. मेजवानी ओळखताना मी दोन गोष्टी बघते. एक, ती रोजची नाही ना. दुसरी, घरात रोज गॅसपाशी उभं राहणारं माणूस त्या दिवशी सगळ्यांबरोबर बसून, गरम गरम खातंय ना. या दोन्ही गोष्टी असतील तर कागदात गुंडाळलेला बर्गरही मेजवानी आहे. नसतील तर चांदीच्या ताटातली पुरणपोळी फार तर निम्म्या घराची मेजवानी होते.

'मेजवानी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'मेजबान' म्हणजे यजमान, आणि यजमानानं पाहुण्यांचं केलेलं आदरातिथ्य ती मेजवानी. म्हणजे या शब्दात दोन माणसं आहेत, एक करणारं आणि एक घेणारं. सभेत कुणी विचारलं नाही ते इथं विचारते: आपल्या घरच्या मेजवान्यांत यजमान कोण होतं आणि पाहुणं कोण? पुरणपोळीचा दिवस आठवा. आदल्या रात्री कामं आवरायची, सकाळी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकायची, कट काढायचा, गूळ घालून पुरण आटवायचं, ते गरम असतानाच यंत्रातून काढायचं, कणीक तेल लावून तिंबायची, कटाची आमटी, भजी, कुरडया, भात, आणि मग उकाड्यात तव्यापाशी एकेक पोळी लाटत भाजत उभं राहायचं. आधी नैवेद्य, मग पुरुष आणि मुलं, मग सासूबाई आणि पाहुण्या बायका. शेवटी जिनं हे सगळं केलं ती बसते तेव्हा पोळी गार असते आणि तिची भूक मेलेली असते. सणाची गोडी मी नाकारत नाही, माझ्याही जिभेवर ती आहे. पण ती गोडी कुणाच्या उभ्या पायांवर आली, हे ठाऊक असूनही 'आमच्या वेळची मेजवानी' म्हणून उसासे टाकणं मला जमत नाही. २०१९ साली देशभर झालेल्या वेळवापराच्या सरकारी पाहणीत घरकामात भाग घेणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात, असं दिसलं. पुरुषाची ९७. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास, त्याचा दीड तासाहून थोडा जास्त वेळ. सणाच्या दिवशी तिचे तास वाढतात, कमी होत नाहीत.

सभेत वाचलेल्या एका पानावर एक ओळ होती. 'त्या दिवशी आई पण आमच्या बरोबर जेवली.' बाईंनी ती वाचली आणि पुढचं पान घेतलं. मला वाटतं, त्या वर्गात त्या दिवशी लिहिलेली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच होती. दहा वर्षांच्या मुलाला ते वेगळं वाटलं, लिहून ठेवावंसं वाटलं. आपण मोठी माणसं मात्र पाव आणि चीज यांच्यापुढे गेलोच नाही.

बाहेरचं खाणं म्हणजे घर बुडालं, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशींनी तिथं हजर असलेल्यांची नावं जाहीर केली, आणि एका कपावरून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज त्याच पुण्यात अमृततुल्य नसलेला चौक शोधून सापडत नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायला लागले आणि तो प्रश्न त्यांनी मोडीत काढला. ही उदाहरणं मी बर्गरला मोठं करायला देत नाही, त्याची तेवढी लायकी नाही. सांगायचं एवढंच, की बाहेरच्या खाण्यावरचे आक्षेप कधी धर्माचा वेष घेऊन येतात, कधी संस्कृतीचा, कधी आरोग्याचा. आक्षेप घेणाऱ्याला नेमकं काय टोचतंय, ते वेष उतरवून एकदा बघावं लागतं.

माझ्या घरातलंच सांगते. वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी भोंगा झाल्यावर ते घरी येऊन कपडे बदलायचे आणि आम्हा चौघांना उडुपी हॉटेलात न्यायचे. एक मसाला डोसा दोघांत. आजी दारात बसून पुटपुटायची, "हाटेलातलं खाऊन पोट बिघडवून घेताय, घरात काय भाकरी नव्हती?" तिच्या लेखी डोसा म्हणजे परमुलखातलं, कुणी कसल्या हातानं केलेलं, फुकट पैसे घालवणारं खाणं. आज बर्गरबद्दल जे जे म्हटलं जातं ते सगळं तिनं डोशाबद्दल म्हटलं होतं. आता तोच डोसा आपण पोरांना 'पिझ्झ्यापेक्षा बरा' म्हणून खाऊ घालतो. मला त्या डोशाची चव आठवत नाही. आठवतं ते आईचं बसणं. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, पदर सैल सोडून ती बसायची, आणि वेटर तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा. तिच्यापुढे कुणीतरी पाणी आणून ठेवतंय, असं घरी मी कधी पाहिलं नव्हतं.

"ते परदेशी आहे" हा आक्षेप मी फार वेळ घेऊन बसणार नाही. आपली शेंगाचटणी ही सोलापूरची ओळख, पण भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आले. ज्वारी त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेतून आली. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, आणि तिचे पूर्वज समुद्रापलीकडचे होते म्हणून तो अभिमान कमी होत नाही. कडक भाकरीचंही असंच. महिना-महिना टिकणारी, उघडली की खायला तयार, प्रवासात न्यायची भाकरी हे आपलं स्वतःचं झटपट खाणं आहे. ती आज बचत गटाच्या बायका करतात, पाकिटात भरून पुण्या-मुंबईला जाते, आणि तिथली घरं ती विकत घेतात. भाकरी विकत घेणाऱ्या घराला कुणी आळशी म्हणत नाही. बर्गर विकत घेणाऱ्या आईला मात्र म्हणतात. का? आणि पोरं भाकरी विसरली त्याचा दोष बर्गरवर ढकलणंही खरं नाही. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ आला, घराघरात पोळी ही मोठेपणाची खूण झाली, भाकरी थापायला वेळ आणि हात उरले नाहीत. बर्गर आपल्या गावात पोचला तेव्हा भाकरी निम्म्या ताटांतून आधीच उठलेली होती.

आता विरोधकांचे खरे मुद्दे. ते आहेत, आणि वजनदार आहेत.

पहिला आरोग्याचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मैदा, मीठ, साखर आणि तळण एकाच ट्रेमध्ये देणारं खाणं मुलांसाठी चांगलं आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. असं खाणं शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नये, हा २०२० चा केंद्रीय नियम मला पूर्ण मान्य आहे. आपल्या किती शाळांच्या फाटकाबाहेर तो पाळला जातो, हे ज्यानं त्यानं सोमवारी सकाळी जाऊन बघावं. पण हा मुद्दा मांडणारे एक चूक करतात. ते महिन्यातून एकदाच्या बर्गरवर तुटून पडतात आणि मुलाच्या डब्यात रोज जाणाऱ्या पाकिटाकडे, संध्याकाळच्या चहाबरोबरच्या खारी-टोस्टकडे, फ्रिजमधल्या थंड पेयाच्या बाटलीकडे बघत नाहीत. शरीर हिशेब ठेवतं तो रोजच्याचा. शिवाय 'घरचं ते चांगलं' हेही तपासून घ्यायला हवं. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढे कित्येक दशकं आपल्या दिवाळ्या त्यातच तळल्या गेल्या. ज्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक अशा चरबीवर, सरकारनं २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, ती त्या वनस्पती तुपात भरपूर होती. आपल्या आज्यांनी प्रेमानं केलं म्हणून ती कमी झाली नाही.

आणि गड्डा? संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर पाळणे, भजी, जिलेबी. कढईतलं तेल कितव्यांदा तापलंय हे तिथं कुणी विचारत नाही. मीही विचारत नाही, आणि नातीला घेऊन दरवर्षी जाते. गड्ड्यावरच्या भज्यांना कुणी संस्कृतीचा ऱ्हास म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. इथं विरोधक एक उत्तर देतील आणि ते बरोबर असेल: गड्डा वर्षातून एकदा येतो, पिझ्झ्याचं दुकान वर्षभर उघडं असतं. हो. म्हणूनच पहिली अट क्वचितपणाची आहे, आणि ती पाळणं आता घराच्या हातात आलं आहे. यात्रा स्वतःच उठून जायची, दुकान उठत नाही. त्याचं कुलूप आपल्यालाच लावावं लागतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. आपल्या गावात हा मुद्दा हवेतला नाही. पूर्व भागात हजारो बायका आजही विड्या वळतात. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा; हजार विड्यांना जवळपास अख्खा दिवस जातो, आणि त्याची मजुरी एका मोठ्या पिझ्झ्याच्या किमतीलाही पुरत नाही. अशा घरानं तिथं जावं का? सभेतल्या आजोबांसारखी माणसं म्हणतील, अंथरूण पाहून पाय पसरावेत. हे ऐकलं की मला एक संध्याकाळ आठवते. अशाच एका वातानुकूलित दुकानात मी नातीबरोबर बसले होते. एक बाई दोन मुलींना घेऊन आली. तिच्या बोटांवरून काम कळत होतं. मोठी मुलगी चौदा-पंधराची असेल. ती काउंटरवरच्या फळ्यावरची इंग्रजी नावं वाचून आईला तेलुगूत सांगत होती, किमती सांगत होती, आणि आई प्रत्येक किमतीला मान हलवत होती. शेवटी त्यांनी सर्वांत स्वस्त दोन बर्गर घेतले. ट्रे मुलीनं आणला, आईला खुर्ची ओढून दिली, कागद उलगडून अर्धा बर्गर तिच्या हातात दिला. आईनं एक घास घेतला आणि दोघी मुली तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चव कशी वाटली, हे कळण्याची त्यांना घाई झाली होती. त्या घरातली ती मेजवानी नव्हती, असं सांगण्याची हिंमत माझ्यात नाही. त्या टेबलाची यजमान ती मुलगी होती आणि आई पाहुणी. त्यांचे पैसे त्यांनी कमावलेले होते, आणि कुठे खर्चावेत हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. आणखी एक सांगते. ज्या हॉटेलांत वेटर आधी पायातल्या चपलेकडे आणि मग तोंडाकडे बघतो, तिथं ती बाई गेली नसती. इथं रांगेत उभं राहिलं, पैसे दिले, की सगळ्यांना सारखाच ट्रे मिळतो.

पैसा गावाबाहेर जातो, हे मात्र मी मान्य करते. म्हणून माझं 'फास्ट फूड' मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. कोपऱ्यावरची पावभाजी, इडलीची गाडी, वडापाव हेही झटपट खाणंच आहे. वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादरला अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असं सांगितलं जातं. गिरण्यांच्या मुंबईत उभ्याउभ्या, हातात धरून, कमी पैशात पोट भरणारं खाणं लागत होतं, ते त्यानं दिलं. गिरणगावच्या माणसांना झटपट खाण्याचं वावडं कधीच नव्हतं, आणि आपणही गिरण्यांचंच गाव.

तिसरा मुद्दा मला सर्वांत कठीण वाटतो, आणि सभेत तो कुणीच मांडला नाही. एका खाण्याला 'मेजवानी' म्हटलं की दुसरं खाणं आपोआप शिक्षा होतं. 'भाजी संपव, मग पिझ्झा' असं आपण म्हणतो तेव्हा मुलाला भाजी म्हणजे दंड आणि पिझ्झा म्हणजे सुटका असंच शिकवत असतो. अमेरिकेतल्या लिअॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९८० साली शिशुवर्गातल्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला तो मुलांना आधीपेक्षा जास्त आवडू लागल्याचं दिसलं. कंपन्यांना हे फार आधी उमगलं होतं. खेळणं घातलेला मुलांचा डबा मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत १९७९ साली आणला, 'हॅपी मील' या त्याच्या नावातच आनंद होता. १९९६ साली ते भारतात आले तेव्हा ही युक्ती तयारच होती. कुठं जायचं हे घरातल्या सर्वांत लहान माणसानं ठरवावं, अशी ती रचना आहे. हा आक्षेप मी फेटाळू शकत नाही, म्हणून त्याला माझ्या म्हणण्यात जागा करून देते. मेजवानी आणि बक्षीस या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. गुण मिळाले म्हणून बर्गर, रडणं थांबावं म्हणून बर्गर, आईबापाला वेळ देता आला नाही म्हणून बर्गर, हा व्यवहार झाला. यातल्या शेवटच्या व्यवहारानं मला जास्त वाईट वाटतं, कारण मूल तोही ओळखतं. मेजवानी मात्र घरातल्या सगळ्यांची असते, कुणी काही कमावलेलं नसतानाही ती होते.

तेवढ्याचसाठी मोबाइलवरून मागवलेलं खाणं मी या हिशेबात धरत नाही. मंगळवारी रात्री दहा वाजता दुचाकीवरून पुडा येतो, एक जण टीव्हीसमोर खातो, दुसरा पलंगावर, आणि खोके गोळा करायला पुन्हा आईच उठते. कंटाळ्यावरची ती सोय आहे. सोय करायला माझी ना नाही, दमलेल्या बाईनं जरूर करावी आणि त्याबद्दल कुणाचं ऐकून घेऊ नये. फक्त तिला मेजवानी म्हटलं की पुढच्या खऱ्या मेजवानीची वाट बघणंच संपतं.

मुलांच्या निबंधांत हुरडा नव्हता, याचं दुःख मलाही आहे. पण तो का नव्हता? निम्म्या मुलांच्या घरी शेत नाही, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांना कुणी नेलं नाही. पोरांनी हुरडा नाकारलेला नाही, त्यांच्यापुढे तो ठेवलाच गेला नाही. त्या आजोबांना मी सभा संपल्यावर जिन्यात गाठलं. म्हटलं, "पन्नास माणूस बसायचं म्हणालात, चटण्या कुणी वाटायच्या?" ते थांबले. "बायका करायच्या की. पहाटेपासनं." मग जरा वेळानं स्वतःहून म्हणाले, "त्या मागनं बसायच्या, आगटी विझत आल्यावर." त्यांचं शेत मोहोळकडे आहे, थोडी गुळभेंडी, म्हणजे हुरड्याची ज्वारी, अजून लावतात. जानेवारीत वर्गातल्या सगळ्या पोरांना घेऊन या, असं त्यांनी मला सांगितलं आहे. येऊ, पण एका बोलीवर: शेंगा-लसणाच्या चटण्या आदल्या दिवशी विकत आणायच्या, आगटीपाशी वडील मंडळी बसणार, आणि पहिली गरम कणसं चोळून आयांच्या हातावर द्यायची. त्यांनी अजून होकार कळवलेला नाही. मी परवा पुन्हा फोन करणार आहे.